सुटलेली भिंत

माणसाच्या तोंडाकडे न बघता त्याच्या भिंतीकडे बघून बोलणारा माणूस अख्ख्या गडचिरोली जिल्ह्यात एकच आहे, आणि तो म्हणजे माझे सख्खे मामा. आरमोरीच्या पुढे, जंगलाला टेकलेलं त्यांचं गाव; घरं अजूनही बरीचशी मातीची. मामांनी जन्मभर हिवतापाच्या फवारणीचा पंप वाहिला. तो खांद्यावरून उतरून बरीच वर्षं झाली, पण सवय काही जात नाही. कुणाच्याही घरी गेले की आधी डोळे बारीक करून चारही भिंती बघतात, औषधाचे पांढरे डाग दिसले तरच त्यांना तिथलं पाणी गोड लागतं. मच्छर माणसाचं रक्त पिऊन जड होतो आणि भिंतीवर टेकतो, तिथेच त्याला गाठायचा, हे त्यांचं सगळं तत्त्वज्ञान. स्वतः मामा मात्र जेवण झाल्यावर कधी भिंतीला टेकत नाहीत. विचारलं तर म्हणतात, "औषध सदऱ्यालेच लागलं, तं मच्छराले काय रायते?"

माझ्यासाठी मुलगी बघायला गेलो, तेव्हा तिचं नाव, शिक्षण विचारायचं सोडून मामांनी तिच्या वडिलांना फवारणी कधी झाली ते विचारलं. दाराशेजारी गेरूनं लिहिलेली फवारणीची तारीख जशीच्या तशी होती. तिच्यावरून कुणी पोतेरं फिरवलं नव्हतं. मामांनी तिथल्या तिथे पोरगी पसंत केली. आपल्याला भिंतीमुळे निवडलं, हे बायको अजून विसरलेली नाही आणि मलाही विसरू देत नाही.

गावोगावचे लोक देवघर आणि धान्याची खोली फवारू देत नसत. एका म्हातारीनं, देवाला वास सहन होत नाही म्हणून देवघराच्या दारातच ठाण मांडलं होतं. मामा तिच्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "देवाले ताप येत नाई, बाई. पूजा करनाऱ्याले येते." म्हातारी थोडा वेळ देवाकडे बघत राहिली आणि मग बाजूला झाली.

पण दिव्याखाली अंधार म्हणतात तसं, मामांचं स्वतःच्या घरात काही चालत नसे, कारण घरात मामी होत्या. मामींसारखी भिंत लिंपणारी बाई पंचक्रोशीत नव्हती. शेणामातीचा हात असा फिरे की बोटांच्या कमानी एकीला एक लागून उमटत जात. औषधाचे पांढरे ओघळ त्यांना बघवत नसत. फवारणीनंतर पंधरा दिवसांत एखादा सण यायचाच, मग मामी पदर खोचत आणि मामांचं औषध शेणामातीखाली गडप होई. शेवटी तह झाला: बाहेरच्या भिंती मामींच्या, आतल्या मामांच्या. तरी दरवर्षी मामींचा हात दारातून वीतभर आत येईच, आणि मामा दोन-चार दिवस अबोला धरत. एका दिवाळीच्या तोंडावर मामी स्वतःच हिवतापानं कुडकुडल्या. तेव्हा मात्र मामा 'मी सांगत होतो' असं एकदाही म्हणाले नाहीत. चौदा दिवस स्वतःच्या हातानं गोळी देऊन, ती गिळली की नाही ते तोंड उघडायला लावून बघत राहिले. पंधराव्या दिवशी मामी उठल्या आणि त्यांनी आतली खोली लिंपली.

मागल्या वर्षी मामींच्या अंगावरून वारं गेलं आणि उजवा हात लुळा पडला. यंदा फवारणीवाले आले, तेव्हा मी तिथेच होतो. त्यांतला नळी धरणारा माणूस मामांच्याच हाताखाली तयार झालेला. सगळं घर फवारून तो मामींच्या खाटेजवळच्या भिंतीशी आला. हात जाण्याआधी मामींनी शेवटची लिंपलेली भिंत ती. मामा मध्येच आडवे उभे राहिले.

"हे एक रायू दे," ते म्हणाले.

तो बिचारा गोंधळला. "भाऊ, तुमीच तं शिकवलं, एकबी भिंत सुटली नाई पायजे म्हणून."

तेवढ्यात खाटेवरून मामी बोलल्या. जीभ जरा जड झाली आहे, पण हुकूम स्पष्ट होता. "मार गा बापू. त्यायचं नोको आयकू. तिथीच बसते मच्छर."

ज्या एका गोष्टीसाठी मामा जन्मभर भांडले, ती आज मामी आपण होऊन कबूल करत होत्या, आणि मामांना ती ऐकवत नव्हती. पूर्वी ओघळ पडले तरी त्यांवरून फिरणारा हात घरात होता, आता नव्हता. मामांनी त्याच्या हातातली नळी हळूच खाली केली.

मग त्यांनी मामींची खाट त्या भिंतीपासून चांगली लांब सरकवली आणि वर मच्छरदाणी बांधली. आता रोज दिवस मावळायच्या आत ते तिच्या कडा गादीखाली खोचतात, एक फेरी मारून पुन्हा तपासतात, आणि मामी आतून कुरकुरतात की मले श्वास तरी घेऊ द्या. गावात कुणाच्या घरची कोणती भिंत फवारायची सुटली, हे मामा अजूनही चारचौघांत नाव घेऊन सांगतात. त्यांच्या घरची सुटली, हे मी आणि त्या नळीवाल्यानं कुणालाच सांगितलेलं नाही.