पिशवी बांधलेली कुलपं

१४ ऑक्टोबर. बंद झालेली एसटी गावात पुन्हा यावी, म्हणून अर्ज करायचा होता. त्यासाठी घरोघर माणसं मोजत फिरले. निम्म्या घरांना कुलपं. काही गंजलेली, काहींना मात्र पाणी लागू नये म्हणून प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधलेली.

शेजारच्या सखूआत्यांना रक्तदाबाच्या गोळ्या तालुक्याहून आणाव्या लागतात. आता गाडी फाट्यावरच मिळते आणि तिथपर्यंत तासभर चालवत नाही, म्हणून या महिन्यात त्या गेल्याच नाहीत. मला म्हणाल्या, "माझं नाव दोनदा लिही गं. दुखणारे गुडघे दोन आहेत."

हसले, पण पेन अडलं. डेपोवाले म्हणतात, माणसं कमी म्हणून गाडी बंद केली. आत्या म्हणतात, गाडी नाही म्हणून माणसं गेली. मला दोन्ही खरं वाटतं. मग शहरात गेलेल्यांना गावात धरायचं की नाही? कुलूप जपणाऱ्याला परत यायचं असतं, की ती नुसती सवय?

१५ ऑक्टोबर. सकाळी पिशवीवाल्या घरांसाठी यादीत वेगळा रकाना आखला, वर लिहिलं, 'गाडी आली तर येतील'. मग आत्यांची गोळ्यांची चिठ्ठी घेतली आणि एसटीचा अर्ज तालुक्याच्या डेपोत द्यायला फाट्याकडे चालत निघाले.