पाठीवर नाही, गुडघ्यांवर

दोन हजार सालानंतरची, आम्ही कतारला, दोह्यातल्या अल मुंतझा भागात राहत होतो तेव्हाची गोष्ट. खालच्या मजल्यावरच्या शेजारणीला कळा सुरू झाल्या. ती रत्नागिरीकडची, नुकतीच आलेली. तिला हिंदी जेमतेम कळे. प्रसूतीच्या खोलीत नवऱ्याला प्रवेश नव्हता, म्हणून दुभाषी म्हणून मी गेले.

तिची आधीची दोन्ही मुलं माहेरी, सुईणीच्या हाताखाली, गुडघ्यांवर बसून झाली होती. हेही तसंच व्हावं एवढंच तिचं मागणं होतं. इथे मात्र डॉक्टरांची सूचना होती, बाळाचे ठोके मोजणारा पट्टा पोटावर बांधून पाठीवर झोपायचं.

सुईणीचं काम करणारी सिस्टर केरळची होती. ती म्हणाली, "अम्मा, लेटो."

मी भाषांतर केलं, "आडवं व्हायला सांगतायत."

शेजारीण किंचाळली, "आडवा? बाल आडवा हाय?"

"बाळ नाही, तुम्ही!"

"मग तसा सांगा की, ताई! जीव गेला असता माझा." आणि तशा कळांतही ती हसली. सिस्टरला विनोद कळला नाही, पण तीही हसली. हसू ओसरलं तशी शेजारीण म्हणाली, "पन मी नाय झोपायची."

सिस्टरने ते माझ्याकडून हिंदीत ऐकून घेतलं. ऑर्डर मोडणार नाही, हे तिने स्पष्ट सांगितलं. मग म्हणाली, "लेकिन पूछेगा." दुसऱ्या सिस्टरला पट्ट्यापाशी उभं करून ती डॉक्टरांकडे गेली.

डॉक्टर स्वतः आल्या. त्या अरब होत्या, इंग्रजीत बोलत. त्यांनी तपासलं आणि अट घातली. गुडघ्यांवर चालेल, पण पलंगावरच. पट्टा जागेवर राहिला पाहिजे, आणि ठोके उतरले तर लगेच पाठीवर. मी एकेक वाक्य मराठीत सांगितलं. शेजारीण म्हणाली, "मंजूर."

ती पलंगाची उभी केलेली पाठ धरून गुडघ्यांवर बसली. सिस्टर एका हाताने पट्टा सावरत होती. एकदा तो सरकला आणि यंत्राचा आवाज थांबला.

"अम्मा, मशीन चुप!"

शेजारणीने स्वतःच पट्टा वर ओढून पोटावर दाबून धरला. ठोके पुन्हा ऐकू आले. सिस्टर म्हणाली, "अम्मा, तुम इधर नौकरी करो."

"पगार विचारा, ताई," शेजारीण दात आवळून म्हणाली.

पुढच्या कळांना सिस्टरचं जोर लावायला सांगणारं अरबी "यल्ला, यल्ला" सुरू झालं. त्याला भाषांतर लागलं नाही. मुलगी झाली आणि लगेच रडली. डॉक्टरांनी बाळ पाहिलं, सिस्टरकडे पाहून मान डोलावली आणि पुढच्या खोलीकडे गेल्या.

सिस्टरने बाळ पुसून आईच्या छातीशी दिलं. आता कसं राहायचं, हे शेजारणीला कोणी सांगितलं नव्हतं. तिने उशी सारखी केली आणि आपण होऊन पाठ टेकली.

"आता झोपते मी," ती म्हणाली. "आता मला झोपायचा हाय."