अक्काचं पान

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, वडिलांना — अण्णांना — तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. समोर ओळखीचं माणूस असलं की माझी दातखीळ बसते.

मला एक थोरली बहीण आहे. आहे — हा शब्द मी आज पहिल्यांदाच लिहितोय, कारण केडगावातल्या माझ्या घरात ती कधीचीच मेलेली आहे.

आम्ही पाथर्डीकडचे, ऊसतोडीला जाणारे. तोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. आई गेली आणि अण्णांची जोडी मोडली. मुकादम एकट्याला टोळीत घेईना. तेव्हा तेरा वर्षांच्या अक्कानं शाळा सोडली आणि आईच्या जागी फडात उभी राहिली. कशासाठी? मी गावात राहून शिकावं म्हणून. मला कुणी विचारलं नव्हतं, हे खरं. पण विचारलं असतं तर मी नको म्हणालो असतो का? नाही.

पुढे तिनं फडावरच्याच एका परजातीच्या मुलाशी लग्न केलं. अण्णांनी डोक्यावरून आंघोळ केली आणि म्हणाले, ती आपल्याला मेली. रागाच्या भरात बाप म्हणतो तसं.

मी मात्र तो शब्द धरून ठेवला. मी मास्तर झालो, लग्नाची बैठक बसली. मुलीकडच्यांनी विचारलं, भावंडं किती? मी म्हणालो — एक बहीण होती, वारली. तापानं. तो ताप कुठून आला माझ्या तोंडात, कोण जाणे. अण्णा शेजारीच होते. ते खाली मान घालून बसले.

मग अण्णांना लकवा मारला. जीभ जड झाली. दिवसभर एकच — "आक्कीला आन." मंदा, माझी बायको, डोळ्यांना पदर लावायची. तिला वाटायचं, म्हातारा मेलेल्या लेकीला बोलावतोय. मला तर कळत होतं ना? रोज कळत होतं. अक्काचं गाव दोन तासांवर. एक फोन — पण मग मंदाला काय सांगायचं? सासऱ्यांना? मी इतका भित्रा माणूस आहे.

आणि ती आपणहूनच आली. अण्णांचं कुणाकडून तरी कळलं होतं, पत्ता विचारत आली. भर दुपारी, मंदा बाजारात गेलेली. मी फाटकातच आडवा उभा राहिलो.

"यकडाव बघू दे रं भाऊ. लांबूनच बघते, लगीच जाते."

मी म्हणालो, अण्णा म्हणतात, तुझं तोंड बघायचं नाही.

ती भांडली असती तर! दोन थोबाडीत मारल्या असत्या तरी चाललं असतं. तिनं ते खरंच मानलं. "बरं. त्यान्ला तरास नको," म्हणाली. आणि जाता जाता विचारलं, "जेवत्यात का दोन घास?" मी मान हलवली. ती गेली. आत अण्णांनी विचारलं, "कोन हुतं?" मी सांगितलं, लाईटचं मीटर बघायला आले होते.

त्यानंतर नवव्या दिवशी अण्णा गेले. मी सगळं केडगावातच उरकलं, गावाकडे नंतर कळवलं. फोनवर चुलते म्हणाले, बाप-लेकीची भेट नशिबातच नव्हती. मी हो म्हणालो. नशीब कसलं? फाटकात मी उभा होतो.

यंदा सर्वपित्री अमावास्येला मंदानं अण्णांच्या नावाचं पान वाढलं आणि शेजारी दुसरं मांडलं. म्हणाली, अण्णांचा जीव अक्कांतच अडकला होता, त्यांनाही आपणच जेवू घालायला हवं. किती चांगली बाई आहे ही! आदल्या दिवशी तिनं मला विचारून ठेवलं होतं, "काय आवडायचं हो त्यांना?" मी म्हणालो, शेंगोळे. अगदी खरं सांगितलं. तिनं हुलग्याचं पीठ दळून आणलं होतं.

दोन्ही पानं मीच गच्चीवर नेली. मंदा जिन्यातून म्हणाली, अक्कांचं नाव घेऊन बोलवा कावळ्यांना.

मी घेतलं. मोठ्यानं, तिला ऐकू जाईल असं.