सरांच्या लायब्ररीला लावलेलं दार

ऑफिसात किस्से जमवावे लागत नाहीत. कोड डिलीट करता येतो, किस्सा मात्र कुणाच्या ना कुणाच्या डोक्यात राहतोच! खराडीच्या आमच्या ऑफिसातले निम्मे किस्से कुलकर्णी सरांचे आहेत.

आमची लायब्ररी म्हणजे इतर प्रोग्रॅम ज्याच्यावर उभे राहतात तो पायाचा कोड. तो सरांनी लिहिला. त्यात एक यादी आहे आणि यादीतल्या वस्तू एकेक करून हातात देणारा इटरेटर. ‘पुढचं दे’ म्हटलं की तो पुढचं देतो. पण तो कुठवर पोचलाय, ही त्याची आतली खूण सरांनी सगळ्यांसाठी उघडी ठेवली होती. ‘आपल्याच माणसांपासून काय लपवायचं?’ असं ते म्हणायचे.

*

एकदा आमच्या रोहितला एक वस्तू गाळायची होती. पठ्ठ्याने बाहेरूनच आत हात घालून ती खूण पुढे सरकवली. यादी तिथेच संपत होती, त्यामुळे सगळा प्रोग्रॅम कोसळला.

‘सर, मी फक्त एकच पाऊल पुढे टाकलं हो!’

‘खडकवासला धरणाच्या भिंतीवरून पडायलाही एकच लागतं.’

*

तन्वी नागपूरहून नवी आली, तेव्हा दुपारी जेवणाऐवजी नुसती बिस्किटं खायची. सरांनी ते पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या पिशवीत दोन डबे!

‘बायकोला अंदाज येत नाही गं, फार होतं. संपव तेवढं.’

वहिनींचा अंदाज कधीच चुकत नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. तन्वीने मात्र खाली मान घालून पोळी खाल्ली. मला तेव्हा सर फार आवडले.

*

ती उघडी खूण बंद करायचं काम तन्वीकडेच आलं. आता बाहेरच्यांनी फक्त ‘पुढचं दे’ म्हणायचं, आत हात घालायचा नाही. सरांचा नियम असा, की आपल्या बदलाने ज्याचा कोड मोडणार त्याला मेल टाकायचा नाही, त्याच्या टेबलापाशी जाऊन सांगायचं. तन्वी सगळीकडे गेली. रोहित कुरकुरला, तर त्याचा कोड तिनेच दुरुस्त करून दिला.

फक्त सरांचं टेबल राहिलं. शेवटची मंजुरी त्यांचीच, आणि ते महिनाअखेर रिटायर होणार होते.

‘ज्यांच्या घरचं जेवून राहिले, त्यांच्याच घराला कुलूप लावू का मी?’ ती मला म्हणाली. पोरीचा चेहरा एवढासा झाला होता.

*

सरांच्या शेवटच्या दिवशी ती गेली. सरांनी तिचा बदल वाचला. मग एक छोटा प्रोग्रॅम लिहून त्यांनी बाहेरून त्या खुणेला हात लावला. कोड तपासून यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरने साफ नकार दिला.

सरांनी दुसऱ्या वाटेने प्रयत्न केला. पुन्हा नकार. चष्मा पुसून तिसरी वाट काढली. तीही बंद!

तन्वीच्या डोळ्यांत पाणी. ‘सर, तुम्हाला आवडलं नसेल तर मी पहिल्यासारखं करून देते ना.’

सरांनी मंजुरीचं बटण दाबलं आणि डबा तिच्याकडे सरकवला.

‘रडतेस काय वेडे? गावाला निघताना मी कुलूप ओढून बघतोच.’