विहिरीतलं डांगर

लग्न होऊन दोन वर्षं झाली होती आणि त्या दोन वर्षांत मी गळ्याइतक्या पाण्यात एकदाही उभी राहिले नव्हते. ही काय तक्रार झाली, असं कुणीही म्हणेल. पण माझं माहेर भीमेच्या काठचं. आमच्याकडं पोरीच्या पाठीला सुकलेला भोपळा बांधायचे आणि तिला नदीत सोडून द्यायचे. तो आतून पोकळ असतो, माणसाला बुडू देत नाही. मी आठव्या वर्षी भोपळा सोडला आणि बाराव्या वर्षी पैलतीरावरच्या काकड्या चोरून खाऊन परत येऊ लागले.

सासर मिळालं सोलापूरचं. नवी पेठेत कापडाचं दुकान, कुंभारीच्या वाटेवर चार एकर मळा. राहायला आम्ही मळ्यातच, आमचे हे सायकलवरून दुकानात जायचे. मळ्यात पायऱ्यांची भलीमोठी विहीर. पाहायला आले तेव्हा मी मुलाकडं कमी आणि त्या विहिरीच्या वर्णनाकडं जास्त लक्ष दिलं, हे मी त्यांना पुढं सांगितलंसुद्धा. पण लग्नानंतर कळलं की विहीर फक्त शेंदायची. सुनेनं विहिरीत पाऊल टाकलं की लोक एकच अर्थ काढतात, असं सासूबाईंचं मत होतं. मी रोज वाकून पाणी काढायचे आणि पाण्याकडं बघून मनातल्या मनात चरफडायचे.

सासूबाईंचा धाकटा भाऊ, म्हणजे आमचे मामा, उजनीच्या धरणावर पाणबुड्याचं काम करायचे. भिंतीचं बांधकाम पाण्याखाली जाऊन तपासायचं, अडकलेलं लोखंड सोडवायचं, अशी कामं. दुष्काळ उलटून दोन-तीन वर्षं झाली होती. त्या वर्षी पाऊस चांगला झाला आणि आश्विनात विहीर अर्ध्या पायऱ्यांपर्यंत भरली. मामा चार दिवसांच्या सुट्टीवर आले आणि जेवताना त्यांनी एक गोष्ट सांगितली. पाण्याखाली हत्यार धरायचा हात बसावा म्हणून त्यांचे पाणबुडे आपसांत पैज लावायचे. अख्खं डांगर घेऊन खाली जायचं आणि पाण्यातच सुरीनं त्याला डोळे, नाक, तोंड कोरायचं. डांगर म्हणजे आपला लाल भोपळा.

"तरंगतंय ना ते," मी भाकरी वाढता वाढता म्हणाले.

मामांनी माझ्याकडं निरखून बघितलं. म्हणाले, हाच तर सगळा खेळ आहे, आणि हे फक्त पोहणाऱ्यालाच सुचतं.

येत्या रविवारी आपल्या विहिरीत पैज लावायची, असं त्यांनी तिथंच ठरवलं. धरणावर पाठीला हवेची टाकी असायची, इथं ज्याची त्याची छाती. दम संपला की वर यायचं, पुन्हा खाली जायचं. मामांच्या घड्याळानं वीस मिनिटं. नियम एकच, पण कडक: सुरी लागेल ती पाण्याखालीच, काठावर एक ओरखडासुद्धा चालणार नाही. आमच्या गड्यानं नाव दिलं, शेजारच्या मळ्यातल्या दोघा भावांनी दिलं. चौथं कोण, म्हणून मामांनी विचारलं आणि मी म्हणाले, मी.

सासूबाई त्यावर बरंच बोलल्या. लोक काय म्हणतील, लुगडं भिजल्यावर कसं दिसेल, पाहुणे आले तर. मी नऊवारीचा काष्टा घालणार होते, भीमेकाठच्या बायका तशाच पोहतात, हे मामांनी त्यांना दोनदा सांगितलं. ते त्यांनी कसंबसं गिळलं. मी मनात म्हटलं, एकदा उतरले की दाखवते. एकदा सगळ्यांनी मला पाण्यात बघितलं म्हणजे पुढच्या रविवारी कोण अडवणार? मला डांगराशी काही देणंघेणं नव्हतं. मला विहीर हवी होती.

रविवारी सकाळी चार डांगरं सुतळीच्या जाळीत घातली, खाली धोंडे बांधले आणि पाण्याखालच्या सातव्या पायरीवर एकेक ठेवून दिली. मी काष्टा खोचला, सुरी हातात घेतली. तेवढ्यात सासूबाईंनी माझं मनगट धरलं.

"बाईनं अख्ख्या डांगराला पैली सुरी लावायची न्हाय," त्या म्हणाल्या. "घरच्या थोरल्या पोराच्या जिवावर येतंय."

ही रीत मला माहीत नव्हती असं नाही. माहेरीही डांगराला पहिला घाव बाप्याचा, मग आई चिरणार. पण पोहायच्या नादात माझ्या डोक्यातून ते साफ गेलं होतं. मला राग आला. आता ऐनवेळी हे काढलं, मुद्दाम काढलं, असं वाटलं. मी काहीतरी तोडून बोलणारच होते, पण त्यांनी माझं मनगट सोडलं नाही. त्या हळू आवाजात म्हणाल्या की हे सहा महिन्यांचे असताना घरात कुणी बाप्या नव्हता, त्यांनी घाईत डांगर चिरलं आणि त्याच आठवड्यात ह्यांना ताप भरला. एकवीस दिवस उतरला नाही. माझा राग कुठल्या कुठं गेला. ताप डांगरामुळं आला नसेल, पण ते एकवीस दिवस खोटे नव्हते.

तो थोरला पोरगा, म्हणजे आमचे हे, शेजारीच उभे होते. "मी लावतो की पैली सुरी," ते म्हणाले. "आणा ते डांगर वर."

मामांनी मान हलवली. डांगर वर येणार नाही, नियम म्हणजे नियम. आमच्या गड्यानंही लगेच री ओढली. एरवी हाक मारल्याशिवाय न बोलणारा माणूस, पण पैजेत त्याला कंठ फुटला होता. म्हणजे ह्यांनाच पाण्यात उतरायला हवं होतं. आणि ह्यांना पोहता येत नव्हतं. मळ्यात जन्म काढून हा माणूस पाय धुवायलासुद्धा बादली मागायचा.

मला वाटलं, संपलं सगळं. सुरी ठेवून द्यावी म्हणून मी वळले, तर हे सदरा काढत होते. चेहरा पांढराफटक, पण बटणं सोडत होते. दोन वर्षांत ह्या माणसानं माझ्यासाठी काय केलं, असं कुणी विचारलं असतं तर मला चटकन सांगता आलं नसतं. त्या दिवसापासून सांगता येतं.

सासूबाईंची मात्र दोन्हीकडून कोंडी झाली. पोराच्या जिवाला धोका नको म्हणून पोरालाच विहिरीत सोडायची पाळी आली. "यव्वा, हे काय झालं," म्हणत त्या घरात गेल्या आणि माळ्यावरचे सुकलेले भोपळे घेऊन आल्या. ते तिथं होते हे मला दोन वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. एक पुरे, असं मामा म्हणाले. सासूबाईंनी ह्यांच्या पाठीला दोन बांधले, गाठीवर गाठ मारली आणि वर कमरेला दोर लावून त्याचं टोक स्वतःच्या हातात धरलं.

मामांनी शिट्टी मारली. मी सूर मारला. ते थंडगार हिरवं पाणी कानात शिरलं आणि मला मोठ्यानं हसावंसं वाटलं, पण खाली तोंड उघडता येत नाही. डांगर जागेवर आहे ते बघितलं आणि वर आले. हे पायऱ्या उतरून पाण्यात आले होते आणि कढईतल्या पुरीसारखे वरच्या वर तरंगत होते. खाली जायचा प्रयत्न करायचे तेवढी पाठ वर यायची. दोन भोपळे कुणाला बुडू देतात? सातवी पायरी तर लांबच, त्यांचा हात कोपराच्या खाली पाण्यात जाईना. तोवर बाकीच्या तिघांच्या डांगरांचे डोळे कोरून झाले होते, डांगराच्या बिया वर येऊन आमच्याभोवती फिरायला लागल्या होत्या.

मग मी खाली गेले आणि धोंड्याची सुतळी कापून टाकली. डांगर असं उसळलं की मी त्याला मिठी मारूनच वर आले. पाण्याच्या वीतभर खाली त्याला पोटाशी धरून ठेवलं आणि सुरी ह्यांच्या हातात दिली. ह्यांनी डोळे मिटून घाव घातला. सुरी आत रुतली ती रुतलीच, आणि हे मूठ सोडेनात. मी ओढतेय, ते धरून बसलेत, असे आम्ही दोघं डांगरासकट विहिरीत गोल गोल फिरलो. काठावरून मामा ओरडून विचारत होते की घाव पाण्याखाली लागला का. सासूबाईंनीच उत्तर दिलं, "लागला, लागला. मी बगितलं."

पुढचं अवघड होतं, कारण आता धोंडा नव्हता. मी पायरीच्या कपारीत पाय अडकवले, डांगर दोन्ही गुडघ्यांत दाबलं आणि दम टिकेल तोवर कोरत राहिले. सहा-सात वेळा वर आले, खाली गेले. वेळ संपली तेव्हा माझ्या डांगराला एक डोळा, नाक आणि एका बाजूला वाकडं गेलेलं तोंड होतं. दुसऱ्या डोळ्याच्या जागी ह्यांचा घाव. पैज आमच्या गड्यानं जिंकली आणि मामांनी त्याला आपला टॉर्च बक्षीस दिला. मी शेवटची आले.

काठावर बसून मी पदर पिळला. आता पुन्हा उद्यापासून पोहरा आणि दोर, असं मनात आलं आणि वाईट वाटलं. गडी डांगरं गोळा करत होता, मामा त्यांच्या तोंडांना नावं ठेवत होते. हे मात्र अजून पाण्यातच होते. सासूबाई दोर ओढून ये म्हणत होत्या आणि हे, थांब गं, थोडं थांब, म्हणत हात मारून बघत होते. चुकीचेच मारत होते. मी न राहवून वरूनच सांगितलं, बोटं जुळवा, पाणी मागं ढकला. ते दोन हात पुढं सरकले आणि लहान पोरासारखे हसले.

दुपारी सासूबाईंनी चारही डांगरांचे घारगे केले. मला दुसऱ्यांदा त्यांनीच वाढले, पण सोमवारी पुन्हा पोहरा आणि दोरच हाती आला. माझा आठवडा धुसफुसत गेला.

पुढच्या रविवारी मी भांडी घासत होते. सासूबाई माळ्यावरून उतरल्या तेव्हा त्यांच्या हातात एकच भोपळा होता. तो त्यांनी ह्यांच्या पाठीला बांधला, गाठ ओढून बघितली आणि माझ्याकडं वळल्या.

"भांडी मी बगते," त्या म्हणाल्या. "तू उतर आदी. मग ह्याला सोडते."