नाव नसलेले साचे

अख्खा रस्ता त्यांना कवळीवाले म्हणूनच ओळखत होता. दातांच्या दवाखान्यामागे त्यांची एक खोली. मेणाचा वास, पॉलिशच्या चाकाची घरघर आणि भिंतीवरच्या फळ्यांवर प्लास्टरचे चाळीस-पन्नास जबडे. डॉक्टर मापं पाठवत, हे कवळ्या घडवत. काम चोख, त्यात वाद नाही. पण आपणही कधी चुकू शकतो, हे मात्र त्यांच्या गावीही नव्हतं.

दुसरे कारागीर साच्याच्या बुडाशी पेन्सिलीने नाव लिहितात. हे लिहीत नसत. "आईला स्वतःची पोरं ओळखायला गळ्यात पाट्या लागतात का?" असं विचारून समोरच्याला गप्प करत. हिरडीचं वळण पाहून कोणाचा जबडा ते सांगत. डॉक्टर कधी कोणी पाहुणा आला की त्याला मुद्दाम हा खेळ बघायला घेऊन येत. मग तर विचारूच नका.

सासूबाई गेल्यावर सासरे त्यांच्याकडे राहायला आले. अबोल माणूस. चाळीस वर्षं इमारतींचे नकाशे काढलेले, रेघ सुताएवढी हलली तरी डोळ्यांना खुपायची. आल्याच महिन्यात त्यांची खालची कवळी बेसिनमध्ये पडून फुटली. "घरच्या माणसाला डॉक्टर कशाला? मीच बसवतो," असं म्हणून जावयाने नवी केली आणि एका सकाळी स्वतःच्या हातांनी त्यांच्या तोंडात बसवली.

"डावीकडे टोचतंय जरा," सासरे म्हणाले.

"नवी आहे. टोचणारच."

चार दिवसांनी जेवताना त्यांनी भीतभीत पुन्हा विषय काढला. "जावईबापू, राग मानू नका. पण ही माझ्या मापाची वाटत नाही हो."

कवळीवाल्यांचा पारा चढला. "वीस वर्षं हेच करतोय मी, बाबा. या वयात असे भ्रम होतात माणसाला. उद्या म्हणाल, हा हात माझा नाही!" आणि स्वतःच्याच विनोदावर ते मनापासून हसले.

"अहो, एकदा बघा तरी," बायको म्हणाली. त्यांनी पाहिलं. म्हणजे बोटाने ओठ खाली ओढून डोकावले. फळीवरचा साचा काढून कवळी त्यावर ठेवून बघायला दोन मिनिटं लागली असती. तेवढी तसदी त्यांनी घेतली नाही. "सगळं डोक्यात आहे," म्हणाले आणि हात धुतले. पुढच्या वेळी सासऱ्यांनी कवळी काढून ताटाशेजारी ठेवली, तेव्हा बायकोच वैतागली. "बाबा, किती कुरकुर कराल! हे काय उगाच सांगतात का?"

त्यानंतर म्हाताऱ्याने तक्रार केली नाही. पातळसर काहीतरी पिऊन उठायचे. पण दुसरंच काहीतरी सुरू झालं. हातात वर्तमानपत्र असताना लेकीला विचारायचे, "आज मंगळवारच ना गं?" गॅस बंद केल्यावर तीनतीनदा जाऊन बघायचे. एका सकाळी वाचनालयाला निघाले आणि कोपऱ्यावरूनच परत आले. "रस्ता चुकलो तर?" म्हणाले. वाचनालय तिसऱ्या गल्लीत होतं.

बायकोचा धीर सुटला. "डोक्याच्या डॉक्टरांना दाखवू या का?"

"मी तर आधीच सांगत होतो," कवळीवाले म्हणाले आणि शुक्रवारची वेळ घेतली.

गुरुवारी दुपारी दवाखान्यामागच्या खोलीत एक निवृत्त मुख्याध्यापिका तरातरा आल्या. तीन आठवड्यांपूर्वी गाडी चुकेल म्हणून कवळी बसवून न बघताच डबी पर्समध्ये टाकून त्या भाचीच्या लग्नाला गेल्या होत्या.

"हे दात माझे नाहीत," त्यांनी डबी टेबलावर आपटली. "लग्नभर मी दुधावर काढलं!"

"बाई, सवय व्हायला जरा..."

"सवय? माझं तोंड मी ओळखत नाही होय? साचा काढा."

साचा काढा, असं कवळीवाल्यांना आजवर कोणी म्हटलं नव्हतं. त्यांनी काढला. कवळी त्यावर ठेवली. ती खुर्चीचा एक पाय आखूड असावा तशी डुगडुगली. मग त्यांचा हात शेजारच्या साच्याकडे गेला. त्या साच्यावर ती खटकन बसली. त्याच आठवड्यात त्यांनी दोन खालच्या कवळ्या केल्या होत्या. ही सासऱ्यांची होती.

"कोणाचे आहेत हे?" बाईंनी विचारलं.

"आहेत एका पेशंटचे."

"म्हणजे त्या बिचाऱ्याच्या तोंडात माझे असणार!" बाई खो खो हसल्या. "बोलला नाही तो काही?"

कवळीवाल्यांचे कान तापले. बाईंना नवीन कवळी करून देण्याचं कबूल करून त्यांनी कसंबसं वाटेला लावलं आणि दार लोटून घेतलं. पेन्सिल घेतली. एकेक साचा काढून बुडाशी नावं लिहायला बसले. नावं लिहिणं सोपं होतं, घरी जाणं अवघड होतं. त्यात तीन साचे कोणाचे हे त्यांना काही केल्या आठवेना. कधीच आठवत नसणार. नुसत्या तोऱ्यावर निभावलं होतं इतकी वर्षं. त्यांना स्वतःची किळस आली.

तरीही संध्याकाळी घरी गेले ते लबाडी ठरवूनच. "द्या बाबा, जरा घासून बघतो," म्हणून कवळी घेतली, न्हाणीघरात जाऊन बदलली आणि खरी आणून दिली.

सासऱ्यांनी ती बसवली. जबडा हलवला. टोस्टचा तुकडा मोडून हळूच चावला आणि त्यांचे डोळे मोठे झाले.

"बसली!" ते म्हणाले. "तुमचंच खरं होतं, जावईबापू. सवयच व्हायला हवी होती. मीच तुम्हाला छळलं. माफ करा हं." आणि त्यांनी चक्क हात जोडले.

"उद्या डॉक्टरांना हेही सांगा बाबा, कवळी दुसऱ्याची वाटायची म्हणून," बायको म्हणाली.

"सांगतो. मला नाही आठवलं तर तू सांग."

कवळीवाले गप्प बसले असते तर कोणाला कळलं नसतं. बाई काही घरी येणार नव्हत्या. पण म्हाताऱ्याचे हात अजून जोडलेलेच होते, आणि ते कवळीवाल्यांना बघवेना. त्यांनी ते धरून खाली केले.

"बाबा, ती कवळी तुमची नव्हतीच. माझ्या हातून अदलाबदल झाली. आज कळलं मला. आत्ता गुपचूप बदलून आणली."

बायको हातातला टोस्ट तसाच धरून नवऱ्याकडे बघत राहिली.

"म्हणजे मी म्हणत होतो ते..." सासरे अडखळले.

"बरोबर होतं. पहिल्या दिवसापासून."

"आणि भ्रम?"

"नव्हता. मी उगाच बोललो ते. तुम्हाला काही झालेलं नाही."

"पुन्हा सांगा."

कवळीवाल्यांनी पुन्हा सांगितलं. मान वर करून, बायकोसमोर, शब्द न गाळता. म्हाताऱ्याने शब्दन् शब्द ऐकून घेतला. रागावतील, चार शब्द सुनावतील, तर बरं होईल, असं जावयाला वाटत होतं. सासरे रागावले नाहीत.

"सतरा दिवस," ते लेकीकडे बघत म्हणाले, "रोज झोपताना हिचं नाव पाठ करत होतो हो. विसरेन म्हणून."