फिर्यादी गैरहजर

बेडसे गावात तीस वर्षांत जन्मलेली बहुतेक पोरं झुंबरबाईच्या हातांवर आली होती. ती सुईण. कुणी बोलवायला आलं की ताटातली भाकरी तशीच टाकून निघायची. एकोणीसशे एकतीसच्या माघात शालूबाईला मेलेलं मूल झालं, आणि गावातल्या दत्तोबानं भर चावडीवर सांगितलं, "झुंबरीनं नरडं दाबलं." दत्तोबाच्या लाथेनं त्याच्या बायकोचं पोट पडलं होतं, हे झुंबरबाई कधीतरी चारचौघांत बोलली होती. तो राग त्यानं असा काढला.

त्या दिवसापासून तिला कुणी बोलवेना. पाणवठ्यावर ती दिसली की बाया पोरं पदराखाली घ्यायच्या.

ती तक्रार घेऊन गेली तेव्हा फौजदार म्हणाला, हे पोलिसांचं काम नव्हे, अब्रूची फिर्याद ज्याची त्यानं कोर्टात करायची. तिनं वडगावला अर्ज लिहून घेतला, फिर्यादी ऐकणाऱ्या प्रांतसाहेबांपुढं शपथेवर जबानी दिली. दत्तोबाला समन्स निघालं.

"पोर पोटातच गेलतं, मावशी. मी सांगीन साहेबाला," शालूबाई म्हणाली. तिचा नवरा भिमाजी मात्र कुरकुरत होता. एकदाच जाऊ देईन, असं त्यानं बजावलं.

दोन तारखा नुसत्याच पुढं ढकलल्या गेल्या. दुसऱ्या खेपेला कारकुनानं पुढची तारीख नि ठिकाण भराभर वाचून दाखवलं. त्यातलं झुंबरबाईनं एवढंच पकडलं, बारा तारीख.

बाराला उजाडताच दोघी पायी निघाल्या आणि वडगावच्या कचेरीच्या ओट्यावर जाऊन बसल्या. दुपार झाली तरी पुकारा होईना. शेवटी पट्टेवाल्याला विचारलं.

"सायेब फिरतीवर हाईत. आज मुक्काम लोणावळा. तुमास्नी म्हाईत न्हाई?"

शालूबाईनं झुंबरबाईला ओढत स्टेशनात नेलं. लोणावळ्याला उतरेपर्यंत चार वाजून गेले होते. मुक्कामाच्या बंगल्यापुढं दत्तोबा विडी ओढत उभा होता. त्यांना बघून तो वाटेतून बाजूला झाला.

आत कारकून दप्तर बांधत होता. "तीनदा पुकारलं. फिर्यादी गैरहजर, म्हणून आरोपीला सोडलं."

"सोडलं? म्हंजी मी खोटी ठरली व्हय?"

"तसं नाही, बाई. तो निर्दोष आहे असं साहेबांनी म्हटलेलं नाही. तुम्हाला पुन्हा फिर्याद करता येईल."

"आन् गावाला हे कोन सांगनार?"

कारकुनानं दप्तराची गाठ आवळली आणि तो उठला.

गावात एवढंच पोचलं, दत्तोबा सुटला. नव्या फिर्यादीला साक्षीदार हवा होता, पण भिमाजीनं शालूबाईला पुन्हा पाठवलं नाही. झुंबरबाई दोनदा त्याच्या दाराशी जाऊन आली. मग तिनं तेही सोडलं.

श्रावणात शेजारची रतनबाई अडली. सकाळपासून भिंतीपलीकडून तिचं ओरडणं ऐकू येत होतं. मूल अडकलंय, हे झुंबरबाईला त्या आवाजावरूनच कळलं. ती जाऊन दाराशी उभी राहिली.

"मला नुसता हात लावून बघू द्या. मग घालवून द्या."

रतनबाईच्या सासूनं दार लावून घेतलं. दुपारी ओरडणं थांबलं. मूल रडल्याचा आवाज काही आला नाही. थोड्या वेळानं सासू हंबरडा फोडत अंगणात आली, तेव्हा झुंबरबाई अजून तिथंच भिंतीला टेकून उभी होती.